नवख्या कंपनीचा गवत कापणारा रोबोट घेण्यापूर्वी

अमेरिकेत घरासमोरची हिरवळ कापणारा रोबोट स्टार्टअपकडून घेताना यंत्राआधी कंपनी पारखावी, कारण घरगुती रोबोट बनवणाऱ्या आयरोबोटसारख्या मुरलेल्या कंपनीनेही 2019 मध्ये जाहीर केलेला ‘टेरा’ हा गवत कापणारा रोबोट पुढच्याच वर्षी बेमुदत लांबणीवर टाकला. नव्या उत्पादनांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर पैसे भरणे म्हणजे खरेदी नव्हे. वस्तू हाती येण्याची हमी तिथे नसते, म्हणून बुडाले तरी झळ बसणार नाही एवढीच रक्कम गुंतवावी. कंपनीचा सर्व्हर बंद पडल्यास यंत्र नुसत्या बटणावर चालेल का, हे लेखी विचारावे. नकाशा आणि वेळापत्रक क्लाउडवरच, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच असेल, तर धडधाकट मोटरही कुचकामी ठरते. पाती इतरत्र मिळतात का, स्क्रू काढून बॅटरी बदलता येते का, हेही पाहावे. यंत्र उचलताच पाती थांबतात याचे प्रमाणपत्र नसेल, तर सवलत कितीही असो, व्यवहार करू नये.