नेट गेलं? आधी दिवे बघा

नेट गेलं की बहुतेकांचा हात आधी राउटरच्या बटणावर जातो. जरा थांबा. बिघाड नेमका कुठे आहे हे कळलं तर निम्मं काम तिथेच होतं.

एकाच फोनवर नेट नाही, की सगळ्यांवरच? एकावरच नसेल तर बहुधा राउटरचा दोष नाही. त्या फोनचं वायफाय बंद करून चालू करा, व्हीपीएन असेल तर बंद करा, नाहीतर सेव्ह केलेलं नेटवर्क काढून पासवर्ड नव्याने टाका.

सगळीकडेच गेलं असेल तर प्लॅनची मुदत संपलेली नाही ना, एवढं बघा आणि मग दिव्यांकडे वळा. फायबरची बारीक वायर ज्या डबीत शिरते तिच्यावर पॉन (PON, कंपनीशी जोडणी झाल्याचा) आणि एलओएस (LOS, सिग्नल तुटल्याचा) असे दोन दिवे असतात. एलओएस लाल असेल तर बाहेरून सिग्नलच येत नाही, राउटरशी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. वायर कपाटामागे दबली आहे का, कोपऱ्यात करकचून वळली आहे का, ते पाहा. टोक काढून त्यात डोकावू मात्र नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्यांना घातक ठरू शकतो. पॉन नुसताच लुकलुकत राहिला तर दोष बहुधा लाइनवर किंवा कंपनीकडे असतो.

पॉन स्थिर असेल तर रीस्टार्ट करा. डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी डबी लावा आणि तिचे दिवे स्थिरावले की राउटर. टाचणीने दाबायचं रीसेटचं भोक वेगळं, त्याला हात लावू नका! त्यातून कंपनीने भरलेली सेटिंग पुसली जाते आणि साधा बिघाड लांबतो.

तरीही नेट नाही? लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. केबलवर चाललं तर घोळ वायफायचा. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड भिंतींपुढे दमतो, २.४ चा वापरून बघा. केबलवरही नसेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे कमांड विंडोत ping 8.8.8.8 टाकून उत्तर येतं का ते बघा. उत्तर येतंय पण साइट उघडत नाहीत, म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) अडलं, नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ घाला.

उत्तरच येत नसेल तर तक्रार नोंदवा. “नेट नाही” एवढंच न सांगता कोणता दिवा कसा आहे ते सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.