फ्लास्कमध्ये कॉलबॅकमधील माहिती व्ह्यूपर्यंत कशी पोहोचवावी

फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘बिफोर_रिक्वेस्ट’ डेकोरेटर लावलेले फंक्शन (म्हणजे कॉलबॅक) व्ह्यूच्या, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या, आधी चालते, परंतु त्याने परत केलेले मूल्य व्ह्यूला मिळत नाही. उलट ‘नन’ (पायथॉनमधील ‘काहीच नाही’ हे मूल्य) सोडून काहीही परत केल्यास तोच रिस्पॉन्स मानला जातो आणि व्ह्यू चालतच नाही. त्यामुळे टोकन तपासून सापडलेला वापरकर्ता व्ह्यूला द्यायचा असेल, तर तो रिक्वेस्टपुरती माहिती ठेवण्यासाठी फ्लास्क देत असलेल्या ‘जी’ या ऑब्जेक्टवर ‘यूजर’ नावाने ठेवावा आणि व्ह्यूमध्ये त्याच नावाने वाचावा. फ्लास्क पाने तयार करण्यासाठी वापरत असलेल्या जिंजा टेम्पलेटमध्येही ‘जी’ आयताच उपलब्ध असतो.

या कामासाठी ग्लोबल व्हेरिएबल कधीही वापरू नये. एकाच प्रोसेसमधील अनेक थ्रेड ते सामायिक वापरतात, त्यामुळे एकाच्या रिक्वेस्टमध्ये दुसऱ्याचा वापरकर्ता उतरू शकतो. आपल्या मशीनवर एकट्याने चाचणी घेताना हा दोष सहसा लक्षातही येत नाही, म्हणूनच तो अधिक घातक आहे. ‘जी’मधील माहिती मात्र त्या रिक्वेस्टपुरतीच असते. पुढच्या रिक्वेस्टलाही लागणारी छोटी माहिती, उदाहरणार्थ वापरकर्त्याचा आयडी, सेशनमध्ये ठेवावी. मात्र मूळ व्यवस्थेत सेशन म्हणजे स्वाक्षरी केलेली कुकी असून ती एन्क्रिप्ट केलेली नसते, हे ध्यानात घेऊन त्यात गोपनीय काही ठेवू नये.

अ‍ॅपवर नोंदवलेला ‘बिफोर_रिक्वेस्ट’ फ्लास्क स्वतः पुरवत असलेल्या स्टॅटिक फाइलसाठीही चालतो, म्हणजे डेटाबेसची क्वेरी त्यात असेल तर प्रत्येक सीएसएस फाइलमागे ती विनाकारण होते. माझ्या मते यापेक्षा ‘करंट_यूजर’सारखे छोटे फंक्शन लिहिणे चांगले: ‘जी’मध्ये ‘यूजर’ आहे का हे ते आधी पाहते, नसेल तरच क्वेरी करून मूल्य तेथे ठेवते आणि मग परत देते. डेटाबेसचे कनेक्शनही असेच गरज पडल्यावर उघडावे. ते बंद करण्याचे काम ‘टियरडाउन_अ‍ॅपकॉन्टेक्स्ट’मध्ये करावे, कारण व्ह्यूमध्ये एक्सेप्शन आले तरी तो कॉलबॅक चालतो. तेथे ‘जी’मधून मूल्य काढून घेणाऱ्या ‘पॉप’ला दुसरे आर्ग्युमेंट म्हणून ‘नन’ द्यावे, अन्यथा कनेक्शन उघडलेलेच नसेल तेव्हा ‘कीएरर’ येईल.

बॅकग्राउंड थ्रेडमध्ये त्या रिक्वेस्टचा ‘जी’ मिळत नाही, म्हणून तेथे आयडी आर्ग्युमेंट म्हणूनच पाठवावा. टेस्टमध्ये ‘टेस्ट_रिक्वेस्ट_कॉन्टेक्स्ट’ उघडल्याने ‘बिफोर_रिक्वेस्ट’ आपोआप चालत नाही. त्यासाठी आधी अ‍ॅपचे ‘प्रीप्रोसेस_रिक्वेस्ट’ बोलवावे आणि मगच ‘जी’मधील मूल्य तपासावे.