एलएसडीचा आवाज: डिफरन्शियल खोलण्याआधी काय तपासायचं

वळताना मागून खडखड आली की सोलापुरात बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येतं, "मालक, क्राऊन-पिनियन गेलंय. उतरवावं लागेल." क्राऊन-पिनियन म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, आणि डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारा, वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. उसाच्या ट्रकांची हाउसिंगं खोलून-बसवून हात तयार झालेले मिस्त्री आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. पण लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाला नुसतं फिरत राहू न देणारा एलएसडी, साध्या डिफरन्शियलच्या हिशोबाने तपासता येत नाही. त्याचे काही आवाज बिघाडाचे नसतातच. उलट त्याचा मोठा बिघाड, म्हणजे प्लेटा झिजून जाणं, पुष्कळदा मुकाट्याने होतो. म्हणून आवाज बंद करायच्या मागे लागू नका. आधी तो कुठून येतो ते शोधा.

जॅक, गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या, टॉर्क पाना (जोराचा आकडा दाखवणारा पाना) आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी आहे असं धरून चालतो.

कोणता एलएसडी आहे?

सगळ्यांना एकच औषध चालत नाही. प्लेटवाल्या एलएसडीत क्लच प्लेटांचा गठ्ठा असतो. बाहेरून बसवून घेतलेले बरेच एलएसडी याच जातीचे. गिअरवाल्यात, म्हणजे टॉर्सेन आणि तत्सम प्रकारात, प्लेटांचा असा गठ्ठा नसतो. व्हिस्कसमध्ये सिलिकॉनचं द्रव सीलबंद असतं. इलेक्ट्रॉनिक प्रकारात प्लेटाच असतात, पण त्या दाबायच्या किती हे कॉम्प्युटर ठरवतो. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत असं मागे असतं, ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये पुढे. तिथे पाना उचलण्याआधी स्कॅनर लावा. थारवाल्यांसाठी एक वाक्य: तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असेल, तर दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते 'खट्' करून लॉक होतं. तो आवाज त्याच्या कामाचाच भाग आहे.

गाडीत काय आहे ते कागदावर सापडलं नाही तर दोन्ही मागची चाकं घोडीवर घ्या, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर बहुधा प्लेटा जिवंत आहेत. उलट फिरलं तर गिअरवाला प्रकार असेल, साधं डिफरन्शियल असेल किंवा प्लेटा संपलेल्या असतील.

इथे एक इशारा, आणि तो मी प्रत्येकाला देतो. एलएसडीच्या गाडीचं एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरत राहतं. एलएसडी मात्र जमिनीवरच्या चाकालाही ताकद देतो आणि गाडी जॅकवरून पुढे झेप घेते. खाली माणूस असेल तर विषय संपला. "थोडंसं फिरवून बघू" म्हणणाऱ्याला गॅरेजबाहेर थांबवा.

सरळ रस्त्यावरची घरघर

रस्ता डांबरीचा सिमेंटचा झाला की आवाज बदलला, तर टायर. हलकं डावी-उजवीकडे झुलवल्यावर एका बाजूला वाढला, तर त्या चाकाचं बेअरिंग. या दोन्हीतून वाचलात तरच डिफरन्शियलकडे या.

मग तुळजापूरचा घाट कामाला येतो. शेजारी ऐकणारा माणूस बसवा, पहाटेची मोकळी वेळ धरा, एकच गिअर आणि जमेल तितका एकच वेग ठेवा. चढावर ताकद लागताना हुंकार आणि उतारावर शांत, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची ओढीची बाजू संशयित. चढावर शांत आणि उतारावर पाय काढल्यावर हुंकार, तर पिनियनचं बेअरिंग सैल झालंय का ते पाहा. पाय ठेवा की काढा, फरकच पडत नसेल तर बेअरिंगंच.

तरीही वाद उरलाच तर मोबाइलवरचं फुकटचं स्पेक्ट्रम अ‍ॅप, म्हणजे आवाजातले सूर हर्ट्झमध्ये दाखवणारं अ‍ॅप, तो मिटवतं. समजा पिनियनला ११ दात आणि क्राऊनला ३९, म्हणजे रेशो ३.५५, आणि टायरचा घेर २ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ११ फेऱ्या मारतं. त्याला ३९ ने गुणा, दात भिडण्याचा सूर सुमारे ४३० हर्ट्झला येतो. ताशी ६० ला तो ३२५ च्या आसपास उतरला पाहिजे. अ‍ॅपमध्ये टोक नेमकं तिथे दिसलं आणि वेगाबरोबर सरकलं तर आवाज दातांचा आहे, आणि मिस्त्रीचा अंदाज बरोबर होता. दुसरीकडेच दिसलं तर हाउसिंगला हात लावू नका. आपल्या गाडीच्या दातांचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. मोबाइल फोन-होल्डरमध्ये नको, मागच्या सीटच्या पायथ्याशी कापडावर ठेवा.

गिअर टाकताना किंवा पाय ठेवताना एकदाच 'ठक्' होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियलचे रबरी बुश आणि अ‍ॅक्सलचे जॉइंट हाताने हलवून पाहा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

वळणातली खडखड

आता खरा टप्पा. सगळ्यांत जास्त खर्च इथे चुकीच्या निदानावर होतो, आणि मलाही हाच टप्पा सगळ्यांत उशिरा जमला. पार्किंगमधून निघताना किंवा यू-टर्न घेताना मागून लांबच्या यंत्रमागासारखी लयीत खटखट येते आणि सीटखाली धक्के जाणवतात.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. तेवढा फरक प्लेटांना एकमेकींवर सरकून सोसावा लागतो. चिकटलेल्या प्लेटा सुटायला जोर जास्त लागतो, सुटल्यावर सरकायला कमी. म्हणून त्या चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. ऐकू येते ती हीच झटापट. ऑइलमधलं फ्रिक्शन मॉडिफायर हा जोरांमधला फरक कमी करतं. ऑइल चुकीचं असलं किंवा मॉडिफायर संपलं की खडखड सुरू होते, प्लेटा नव्या असल्या तरी.

ही चाचणी गार गाडीवर करू नका. हा माझा सगळ्यांत ठाम आग्रह आहे. प्लेटांची खडखड पुष्कळदा ऑइल तापल्यावरच निघते. सकाळी गॅरेजमध्ये गाडी शांत, दुपारी मालकाच्या दारात आवाज, आणि मग दोघांत भांडण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा तर हा फरक ठळकच. पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत जाऊन या, आणि परतताना सुटीच्या दिवशी चिंचोळी एमआयडीसीतला रिकामा, पक्का रस्ता गाठा. मुरमावर जाऊ नका. तिथे टायरच घसरतं, प्लेटांना सरकावंच लागत नाही आणि आवाज लपतो.

चालण्याच्या वेगाने गोल फिरा, पण स्टिअरिंग पूर्ण लॉक करू नका, पाऊणपर्यंतच. पूर्ण लॉकवर रुंद टायरच्या बऱ्याच गाड्यांची पुढची चाकं रस्त्यावर उड्या मारत घसटतात. ती थरथर पुढून येते, पण आत बसलेल्याला ती मागची वाटते. पाऊण लॉकवर ती गेली तर एलएसडीचा काही संबंध नाही. बाहेर एक माणूस उभा करा आणि त्याला फक्त एवढं सांगा, "आवाज पुढून की मागून?" तुमचा संशय त्याला आधी सांगू नका, नाहीतर तो तेच ऐकेल.

मग इंजिन चालूच ठेवून गिअर न्यूट्रल करा आणि गाडी तशीच गोल घरंगळू द्या. ताकद निघाली तरी झटके चालूच, तर प्लेटा, कारण स्प्रिंगांचा दाब त्यांच्यावर कायम असतो. आवाज 'टक-टक-टक' असा कोरडा असेल, ताकद दिल्यावर वाढत असेल आणि न्यूट्रलमध्ये विरत असेल, तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. दोन्ही बाजूंना फिरून पाहा. प्लेटा सहसा डावी-उजवी भेद करत नाहीत, जॉइंट करतो.

अजून एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही: टायर. पंक्चरमध्ये एक टायर फाटलं म्हणून एकच नवं घातलं, दुसरं अर्धं झिजलेलं. घेरात फरक पडला की सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत सरकत राहतात, तापतात आणि झिजतात. मागच्या दोन्ही टायरांची कंपनी, साइज आणि नक्षीची खोली मोजा, हवा सारखी करा, मग पुन्हा चाचणी घ्या. नुसत्या एवढ्यावर आवाज गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ऑइल आणि मॉडिफायर

ड्रेनचा बोल्ट खोलण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा. तो अडकला आणि ऑइल आधीच खाली गेलं तर गाडी तिथेच बसली.

निघालेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरा. मॅग्नेटवर बोटाला लागणारा राखाडी, मऊ लेप चालतो. चमकणारे पापुद्रे चालत नाहीत, आणि दाताचा तुकडा दिसला तर पुढच्या चाचण्या सोडा, खोलायचंच आहे. काळं आणि जळकट वासाचं ऑइल म्हणजे प्लेटा तापल्या आहेत.

भरताना "९० नंबर (साधं गिअर ऑइल) टाका" हा सल्ला ऐकू नका. ते ऑइल वाईट नाही, पण प्लेटांसाठी ते केलेलं नाही. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जीएल-५ वगैरे जे लिहिलं असेल तेच घ्या. डब्यावर एलएस लिहिलेलं असेल तर मॉडिफायर त्यात आधीच असतं. वरून अजून ओतू नका.

माझं मत इथे पक्कं आहे. आवाज जाईपर्यंत मॉडिफायर ओतत राहणं म्हणजे एलएसडी मारणं. जास्त झालं की प्लेटा सहज सरकतात, खडखड जाते, मालक खूश होतो, आणि पहिल्या पावसात वळणातून निघताना आतलं चाक नुसतं फिरतं. मॅन्युअलने मात्रा दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर सिरिंजने ३० मिली घाला. मग त्याच पक्क्या रस्त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात सावकाश आठ-दहा फेऱ्या मारा, म्हणजे ऑइल प्लेटांच्या मधे शिरतं. लगेच निकाल लावू नका. शंभरेक किलोमीटर चालवा, गरम असताना पुन्हा ऐका. हवं तर अजून ३० मिली. बाजारातली बाटली बहुधा ११८ मिलीची असते. तेवढी संपूनही फरक नसेल तर दुसरी विकत घेऊ नका, प्लेटा मोजायची वेळ आली आहे. रेसिंगसाठी घट्ट बसवलेला एलएसडी असेल तर थोडी खडखड कायमच राहील. तशीच राहू द्या. गिअरवाल्या एलएसडीला हे सगळं सहसा लागत नाही.

पकड मोजणं

आवाज असो वा नसो, ही मोजणी करा. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, उरलेल्या चाकांना ठोकळे आणि इंजिन बंद. उचललेल्या चाकाच्या हबवर टॉर्क पाना लावून सावकाश फिरवा. पहिला झटका सोडून द्या आणि फिरत असतानाचा आकडा वाचा. मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली असेल तर प्लेटा गेल्या, गाडी कितीही शांत असो. आकडा चांगला आणि तरीही खडखड, तर प्लेटांना दोष देऊ नका. ऑइल आणि टायर पुन्हा पाहा.

खोलावंच लागलं तर

आता तो ट्रकवाला मिस्त्री गाठा, पण तीन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. खोलण्याआधी डायल गेजने क्राऊन-पिनियनमधला खेळ मोजून लिहून ठेवा, म्हणजे बसवल्यावर तुलना करता येते. दोन्ही बाजूंच्या शिमा, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, वेगवेगळ्या पिशव्यांत, डावी-उजवी लिहून. एक शिम इकडची तिकडे गेली तर पूर्वी नसलेला हुंकार नव्याने विकत घ्याल. आणि प्लेटांचा क्रम फोटोत.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू देऊ नका. मॉडिफायर घातलेल्या ऑइलमध्ये अर्धा तास तरी भिजवा. बसवल्यावर पुन्हा आठच्या आकड्यात फिरा, सुरुवातीला जोरात पळवू नका, आणि पहिलं ऑइल नेहमीच्या मुदतीच्या खूप आधी काढा. त्यात राखाडी लेप भरपूर निघेल. नव्या प्लेटा बसताना तेवढं निघतंच. पापुद्रे नाहीत ना, एवढं पाहा आणि नवीन ऑइल भरून बोल्ट टॉर्कने आवळा.