सर्क्यूइटस (इंग्रजी circuitous, म्हणजे लांबच्या फेऱ्याचं) नेमकं कुठे वापरायचं
दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळला फेरीबोट पकडायची, गाडीसकट खाडी ओलांडून थेट धोपावे, पण फेरी चुकली की खेड-चिपळूणवरून अख्खा वळसा, त्या रस्त्याला इंग्रजीत बिनधास्त 'अ सर्क्यूइटस रूट' म्हणा. उच्चार सर-क्यू-इ-टस, जोर क्यूवर, सर्किटस नाही हं, पोरांना हे आधीच सांगून ठेवा. कोणी मुद्द्यावर न येता गोल गोल बोलत असेल तर 'सर्क्यूइटस आन्सर' पण मस्त बसतं. माणसाला मात्र 'ही इज सर्क्यूइटस' नका म्हणू, कानाला खटकतं, त्याच्या बोलण्याला म्हणा. आणि इनडायरेक्ट म्हणजेही सरळ नसलेलं, पण जीएसटी हा इनडायरेक्ट टॅक्सच, तिथे सर्क्यूइटस अजिबात चालत नाही, कारण या शब्दात लांबचा फेरा हवाच.