जुन्या वाटांच्या कागदांची सूची करताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एका अभिलेखागारात स्वयंसेवक म्हणून गेलो आणि पहिल्याच महिन्यात माझ्या चाळीस नोंदी परत आल्या. कागदात ‘ब्रायडल रोड’ होतं, मी सूचीत ‘फूटपाथ’ लिहीत गेलो होतो. माझ्या लेखी दोन्ही पायवाटाच. तिथल्या कायद्यात मात्र घोड्यावरून जाता येणारी वाट वेगळी आणि नुसती चालण्याची वेगळी. ‘ब्रायडल’ शोधणाऱ्याला माझी नोंद कधी सापडलीच नसती. म्हणून कागदातला शब्द जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट अवतरणात घ्या. आजचा शब्द द्यायचाच असेल तर शेजारी चौकटी कंसात.

याहून महागात पडते ती निवाडा देण्याची हौस. आपण या कामाला येतो तेच वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून. त्यामुळे ‘सार्वजनिक वाट’ लिहायला हात शिवशिवतो. आवरा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे नकाशे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःच बजावतात, की वाट दाखवली म्हणजे वहिवाटीचा हक्क सिद्ध झाला असं नाही. १८३६च्या कायद्यानंतरचे टाइद नकाशे चर्चच्या दशांश कराची आकारणी करायला काढलेले. रस्ता कुणाचा, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ‘दुहेरी रेघांची वाट, टोकाला “टू द मिल” असा मजकूर’ एवढं लिहा. पुढचं वकील बघून घेतील.

सगळ्यात जास्त माती होते ती करासाठी झालेल्या १९१०च्या जमीन मूल्यांकनाच्या कागदांत. ‘मूल्यांकन नकाशा, एक’ असं लिहून लोक मोकळे होतात. या नकाशांवर प्रत्येक मिळकतीला रंगीत कड आणि एक क्रमांक असतो. तोच क्रमांक फील्ड बुकात, म्हणजे मूल्यांकनाच्या नोंदवहीत शोधला की कधीकधी सार्वजनिक वाटेपोटी किंमतीत दिलेली वजावट सापडते. मालकाच्या जमिनीतून वाट जाते हे कराच्या कागदातच आलेलं, म्हणून त्याला वजन. पण फील्ड बुकं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि नकाशाची प्रत बरेचदा तुमच्या जिल्ह्यात. सूचीत क्रमांक नसेल तर दोघांची गाठ पडायची कशी? दोन मिळकतींच्या मध्ये रंग न दिलेली पट्टी दिसली तर तीही नोंदवा, पण ‘रंग न दिलेली पट्टी’ म्हणूनच.

तारखांचं थोडक्यात. १७५२पूर्वी तिथे कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. कागदावर १४ फेब्रुवारी १७३१ असेल तर आपल्या हिशेबाने ते १७३२. सूचीत १७३१/३२ लिहा. ‘तिसऱ्या जॉर्जचं तेरावं वर्ष’ (राजाच्या कारकिर्दीचं) म्हणजेही सरळ १७७३ नव्हे, ते २५ ऑक्टोबर १७७२लाच सुरू होतं.

गठ्ठ्यातला क्रम ‘नीट लावण्याच्या’ फंदात पडू नका. वाट बंद करण्याचा किंवा वळवण्याचा हुकूम आणि त्याचा नकाशा एकाच घडीत असतात. नकाशे वेगळे काढून ठेवले की हुकूम कुठल्या वाटेचा ते कळायला मार्ग उरत नाही. गंजलेली टाचणी स्वतः उपसू नका, अभिलेखपालाला दाखवा. पेन घरी, हातात पेन्सिल.

विसाव्या शतकातल्या जबान्यांचे फॉर्म आले की थांबा. ‘मी अमुक सालापासून या वाटेने जातो’ असं सही करून सांगणारा माणूस अजून हयात असू शकतो. त्याचं नाव, पत्ता ऑनलाइन सूचीत टाकण्याआधी विचारा.

चूक झालीच तर गुपचूप खोडू नका. सांगा, आणि त्याच दिवशीच्या बाकीच्या नोंदीही तपासा. एकाच समजुतीतून झालेली चूक सहसा एकटी नसते. माझ्या चाळीसपैकी सदतीस नोंदी एका दुपारी सुधारल्या. उरलेल्या तिन्हींसाठी अख्खा गठ्ठा पुन्हा मागवावा लागला, कारण पान क्रमांक लिहायचा मी कंटाळा केला होता.