ट्यूमर अँटिजेनवर काम करायला येताय? माझ्या पहिल्या वर्षातून थोडं

दर जून-जुलैत ज्युनिअर मुलामुलींचे फोन येतात. एमएस्सी झालेली असते, नेटच्या निकालाकडे डोळे लागलेले असतात. "ताई, ट्यूमर अँटिजेनवर प्रोजेक्ट मिळतोय, घेऊ का?" जरूर घ्या. पण मेज-ए३ या ट्यूमर अँटिजेनवर, म्हणजे प्रतिकारशक्तीला ट्यूमर ओळखायला मदत करणाऱ्या प्रथिनावर काम करताना माझं पहिलं वर्ष कशात गेलं, ते आधी वाचा.

मेज-ए३ ज्या मेज कुळातलं, त्यातलं पहिलं जनुक १९९१ साली सापडलं. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर पेशी) ट्यूमरमध्ये नेमकं काय ओळखतात, याचा माग काढताना ते थिएरी बून यांच्या ब्रुसेल्समधल्या गटाच्या हाती लागलं. एक्स गुणसूत्रावरची ही जनुकं निरोगी प्रौढ शरीरात जवळजवळ फक्त वृषणात चालू असतात. बाकी ठिकाणी डीएनएवरच्या मिथाइलेशनने, म्हणजे जनुक गप्प करणाऱ्या रासायनिक खुणांनी, ती बंद ठेवलेली असतात. कॅन्सरमध्ये ते मिथाइलेशन उतरतं आणि प्रथिन बनू लागतं. शिवाय वृषणातल्या जननपेशींवर एचएलए क्लास वन, म्हणजे टी पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारा रेणू, नसतो, त्यामुळे टी पेशी तिथे हल्ला करत नाहीत. लशीसाठी याहून चांगलं लक्ष्य कुठलं, असंच कुणालाही वाटेल.

तरीही फुप्फुसाच्या कॅन्सरमधली मेज-ए३ लशीची मोठी चाचणी २०१४ मध्ये अपयशी ठरली. त्याआधी, २०१३ मध्ये, मेज-ए३ ओळखणाऱ्या, रिसेप्टरची (लक्ष्य ओळखणाऱ्या प्रथिनाची) पकड मुद्दाम वाढवलेल्या टी पेशी दिल्यावर दोन रुग्ण हृदयावर आघात होऊन गेल्याचं प्रसिद्ध झालं. हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचा एक तुकडा त्या पेशींना मेज-ए३ सारखाच भासला होता. धोका नेहमीच्या चाचण्यांत दिसला नव्हता. स्टेम सेलपासून बनवलेल्या, प्रत्यक्ष धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्या तेव्हा दिसला. तो पेपर वाचला त्या रात्री मला मेसमध्ये जेवण गेलं नाही. तुम्हीही तो पहिल्याच महिन्यात वाचा.

मी आले तेव्हा माझ्या लेखी मेज-ए३ म्हणजे ट्यूमरची ओळखखूण, बस्स. माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "खूण म्हणतेस, मग पेशी ती बाळगते कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तराचा एक भाग २०१० च्या कामात आहे: मेज-ए प्रथिनं ट्रिम२८ या युबिक्विटिन लायगेजला, म्हणजे इतर प्रथिनांवर 'मोडीत काढा' अशी युबिक्विटिनची खूण लावणाऱ्या एन्झाइमला, चिकटून त्याचा जोर वाढवतात, आणि कॅन्सर रोखणाऱ्या पी५३ या प्रथिनावर युबिक्विटिन चढून ते मोडीत निघतं. म्हणजे पी५३ चं जनुक धडधाकट असूनही पेशीत प्रथिन तोकडं पडतं. २०१५ मध्ये कळलं की हीच जोडी एएमपीकेलाही मोडते. पेशीतली ऊर्जा कमी झाली की वाढ थांबवणारं प्रथिन ते; तेच गेलं की उपाशी पेशीही वाढत राहते.

आता हाताच्या कामाबद्दल. सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) ओळखीच्या लॅबमधून आणू नका. पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेची रिपॉझिटरी (पेशींचा साठा) आहे, तिथून रीतसर घ्या. ए३७५ या मेलॅनोमाच्या सेल लाइनचा फ्लास्क मी मांडीवर धरून रिक्षाने पाषाणला आणला. विद्यापीठ चौकातल्या गर्दीत माझं सगळं लक्ष मीडियमच्या, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाच्या, रंगाकडे होतं. आल्या आल्या मायकोप्लाझ्माची (पेशींना छुपा संसर्ग करणाऱ्या जिवाणूची) तपासणी करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे जेलमध्ये प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने हवं ते शोधण्यात, माझे दोन महिने वाया गेले. मेज-ए३ मध्ये ३१४ अमिनो आम्लं, म्हणजे वजन सुमारे ३५ किलोडाल्टन. मी पट्टी ३५ ला शोधत बसले; तिथे काहीच नाही आणि वर ४८ च्या जवळ ठसठशीत पट्टी. अँटिबॉडी खराब आहे असं ठरवून मी दुसरी मागवली. पट्टी मुळात बरोबरच होती! हे प्रथिन जेलमध्ये हिशोबापेक्षा हळू उतरतं. वृषणाचा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) पहिल्या दिवसापासून शेजारी चालवला असता, तर हे एका दुपारीच कळलं असतं. मेज नसलेल्या पेशींना डेसिटाबिन हे मिथाइलेशन उतरवणारं औषध देऊनही बघा: मिथाइलेशन उतरतं आणि काही दिवसांनी नसलेली पट्टी उगवते. पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर घडताना पाहण्याचा आनंद मला तेव्हा पहिल्यांदा मिळाला.

मग एसआय-आरएनए, म्हणजे एखादं जनुक दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे. मेज-ए३ दाबलं, पी५३ चं प्रमाण वाढलं, पेशींची वाढ मंदावली. मी उड्या मारत मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "दुसऱ्या एसआय-आरएनएने काय होतं? आणि जनुक परत घातल्यावर?" शिवाय मेज-ए३ आणि मेज-ए६ इतकी सारखी आहेत की एकाला दाबताना दुसरंही दबतं, पेपरांत मेज-ए३/६ असं जोडून लिहितात ते म्हणूनच. दुसरा एसआय-आरएनए लागू पडला, पण परिणाम निम्माच. मग एसआय-आरएनएला सापडणार नाही अशा बदलांसह मेज-ए३ क्लोन केलं, त्यात पावसाळा सरला.

रेस्क्यूचा, म्हणजे ते जनुक परत घातल्यानंतरचा, ब्लॉट ऑक्टोबरमध्ये आला. पी५३ पुन्हा खाली गेलं होतं. थोडंसंच, पण तिन्ही वेळा.