पिंग उडायचं, ओपनडब्ल्यूआरटीने जागेवर आणलं

घरात कोणी मोबाइलचे फोटो बॅकअपला टाकले की माझा व्हिडिओ कॉल गेलाच म्हणून समजा, आवाज रोबोटसारखा आणि पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांवरून थेट ६००-७०० ला. स्पीड टेस्ट मात्र झकास, म्हणून सगळे म्हणायचे प्लॅन वाढव. पण रोग वेगळाच होता, बफरब्लोट. अपलोड भरलं की राउटर नाहीतर मोडेम पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) टाकून न देता लांबलचक रांगेत धरून ठेवतो आणि कॉलची बिचारी छोटी पॅकेटं मागे ताटकळतात.

राउटर कंपनीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, यावर काही सोयच नव्हती, मग त्याजागी ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, मुक्त फर्मवेअर टाकलं. टाकण्याआधी राउटरच्या मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जनही जुळवून बघा, नाव तेच असलं तरी आत चिप वेगळी निघू शकते. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरी इमेज नावाची फाइल, पुढच्या अपडेटला सिसअपग्रेड नावाची. फ्लॅश झाल्यावर वायफाय सहसा बंदच असतं, त्यामुळे लॅन केबल हाताशी ठेवा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे राउटरचं सेटिंग पान उघडा.

नंतर लुसी-ॲप-एसक्यूएम पॅकेज टाकलं (एसक्यूएम म्हणजे पॅकेटांच्या रांगेचं नियोजन), वॅन म्हणजे इंटरनेटकडचा इंटरफेस निवडला, रांग सांभाळायला केक ही पद्धत, आणि स्पीड मोजलेल्याच्या ९० टक्के. हा आकडा मुद्दाम कमी ठेवायचा, म्हणजे रांग आपल्या राउटरवर लागते आणि केक ती नीट हलवतो. फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं जवळच्या वाटेने पुढे ढकलायची सोय) बंद ठेवा, नाहीतर पॅकेटं एसक्यूएमला चुकवून जातात. सगळं काम प्रोसेसरवर येतं, त्यामुळे जुना राउटर जोरदार फायबरला पुरणार नाही, माझ्या ५० एमबीपीएसला मात्र आरामात चालतोय.

आता बॅकअप चालू असतानाही पिंग २५-३० च्या आसपास.